मामांचा आकडा आणि सातवं प्रथिन

तीर्थस्वरूप मामांना, त्यांच्या खिशातल्या चार पेनांना आणि डोक्यातल्या एका हट्टाला भाचीचा साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र परवा मिळालं. टाक्यांची जागा आता ओढत नाही, भूक लागते, दुपारी झोप लागते आणि मामींशी दिवसातून दोन वेळा वाद घालता येतो, हे वाचून बरं वाटलं. (मामींनी फोनवर पाच वेळा सांगितलं. खरं माप कुणाचं ते तुम्ही दोघांनी ठरवा.) इकडे सगळं ठीक. ह्यांचा खोकला गेला, पण खोकल्याच्या निमित्ताने डोक्याखाली आलेली जादा उशी काही जायचं नाव घेत नाही. हे सगळं फोनवर बोलता आलं असतं, मला कळतं. पण फोनवर तुम्ही तिसऱ्या वाक्याला मला तोडता आणि पाचव्याला फोन मामींच्या हातात देऊन अंग काढून घेता. कागदाशी असं करता येत नाही, म्हणून कागद.

तुम्ही पत्रात आडपडदा न ठेवता विचारलंय. तू त्याच प्रयोगशाळेत बसतेस, माझ्या रक्ताची ट्यूब तुझ्याच फ्रीझरमध्ये आहे, तर माझा आकडा काय आला ते एका ओळीत कळव. चांगला असेल तर ते पुढचं सहा महिन्यांचं औषध कशाला घ्यायचं, आणि वाईट असेल तर घेऊन तरी काय उपयोग. डॉक्टरांना गुरुवारी हो की नाही सांगायचंय, ऑपरेशननंतर आठ आठवड्यांच्या आत सुरू झालं तर त्याचा खरा फायदा असं ते म्हणतात, आणि हा सातवा चाललाय. असं सगळं तुमच्या त्या फूटपट्टीवर बसवलेल्या अक्षरात. चाळीस वर्षं वजनमापे निरीक्षक म्हणून काढलेल्या माणसाने आकडा मागावा यात नवल नाही. तुम्ही बाजारात शिरलात की दुकानदार तराजू पुसायला लागायचे, हे मी तुमचं बोट धरून पाहिलंय. पण मामा, एका ओळीत सांगण्यासारखं असतं तर मी पोस्टकार्ड टाकलं असतं. हे प्रकरण लांबलंय, आणि त्यात तुम्ही स्वतः गळ्यापर्यंत गुंतलेले आहात. कसे, ते पुढे येईल.

आधी आमचं दुकान कसं चालतं ते समजून घ्या. माझ्या नोकरीच्या एकोणीस वर्षांत तुम्ही ते मला एकदाही विचारलेलं नाही. (बाहेर मात्र आमची भाची कॅन्सरवर संशोधन करते असं सांगत असता. मी ट्यूबांना स्टिकर लावते आणि फ्रीझर सांभाळते. तो वजा ऐंशी अंशांवर असतो आणि त्याचा आवाज बदलला की माझा जीव वरखाली होतो. संशोधनातला माझा वाटा तेवढाच धरा.) रुग्णाचं रक्त काउंटरवर घेतात, ट्यूब पेटीत जाते, पेटी आमचे पेटीवाले काका दोन इमारती ओलांडून आणतात, मग मी ती ट्यूब यंत्रात घालून गरागरा फिरवते. लाल भाग खाली बसतो, वर पिवळसर पाणी राहतं. त्या पाण्यात हजारो प्रथिनं असतात. तुम्ही दुधातून पावडर घेता ती नव्हेत. शरीरात कुठेही काही भानगड चालली असली की त्यातल्या एखाद्याला तिची खबर लागतेच. आमच्या मोठ्या बाईंनी, म्हणजे विभागाच्या प्रमुखांनी, तीन वर्षं खपून त्यातली सात निवडली. ही सात मोजायची, सगळ्यांचा मिळून शंभरपैकी एक आकडा काढायचा, आणि ऑपरेशननंतर आजार परत यायचा धोका कुणाला जास्त, कुणाला कमी, ते आधीच ओळखायचं. साठच्या वर म्हणजे जास्त. यातली सहा प्रथिनं आपली साधी, मागच्या बाकावरची. सातवं मात्र हुशार. जुन्या रुग्णांत ज्यांच्या रक्तात ते वाढलेलं होतं, त्यांच्यातल्या दहांपैकी आठांचा आजार पुढे परत आलेला होता. सातव्यावर बाईंचा फार जीव. त्याचा एक तक्ता त्यांनी आपल्या खुर्चीमागच्या भिंतीवर लावला होता, लोक घरच्यांचा फोटो लावतात तसा.

आता नियम. ट्यूबवर नाव नसतं, नुसता क्रमांक. कुठला क्रमांक कुणाचा, ती किल्ली एकाच माणसाकडे असते, आमच्या आकडेमोड करणाऱ्या गृहस्थांकडे. आम्ही त्यांना दशांश म्हणतो. (मुलं किती, असं विचारलं तर सरासरी दोन असं सांगतील, असा माणूस.) आपल्या नात्यातल्या माणसाच्या ट्यूबला आपण स्टिकर लावायचं नाही, हाही नियमच. पण ऑपरेशननंतर तिसऱ्या आठवड्यात तुम्ही तपासणीला आलात, मी तुम्हाला काउंटरवर बसवून कामावर गेले, आणि त्या दिवशी माझी जोडीदारीण नेमकी रजेवर. तुमच्या ट्यूबला स्टिकर मी लावलं. डोळे मिटून लावलं असतं तर ते माझ्या मनगटाला चिकटलं असतं. क्रमांक विसरायचा असं मी तेव्हाच ठरवलं. ह्यांचा वाढदिवस मी न ठरवता विसरते, पण तुमचे ते चार आकडे मला आत्ता झोपेतून उठवलं तरी सांगता येतील.

तर ज्यांचे आकडे साठच्या वर येतात त्यांचे नमुने दशांश खात्रीसाठी पुन्हा मोजतो. त्याकरता फ्रीझरमधून कुठल्या ट्यूबा काढायच्या याची यादी आमच्याकडे येते. त्या सोमवारी ती यादी माझ्या हातात आली, तिसऱ्याच ओळीत तुमचा क्रमांक. पाठीमागे आकडाही. (आकडा लिहायची पद्धत नाही, पण दशांश कागद वाचवतो. निकालाच्याच कागदाच्या पाठीवर यादी, कागद उलटला की आकडा समोर.) तुम्हाला आकडा हवा होता ना, घ्या. एकोणनव्वद. थांबा, चष्मा काढू नका आणि मामींकडे पाणी मागू नका. हा आकडा खोटा आहे, साफ खोटा, हे इथेच सांगून ठेवते. पण तो खोटा आहे हे मला अकरा दिवस माहीत नव्हतं.

त्या अकरा दिवसांत मी काय केलं ते ऐका, म्हणजे गेल्या महिन्यातल्या पुष्कळ गोष्टींचा उलगडा होईल. लोकरीची टोपी म्हणून आली. गरम पाण्याची पिशवी म्हणून आली. (तुमच्याकडे दोन आहेत, मला माहीत होतं.) पायमोजे सहा जोड कशाला, असं तुम्ही विचारलंत. दुकानात उभी असताना मला असं वाटलं की सहा जोड मोजे असलेला माणूस ते झिजेपर्यंत तरी कुठे जात नाही. आता लिहिताना हे वेडेपणाचं दिसतंय, तेव्हा मला ते अगदी पटलं होतं. दिवसातून तीन फोन करायला लागले. विषय नसला तर हवामान. घरी ह्यांनी चौथ्या दिवशी ओळखलं. चहात साखरेऐवजी मीठ पडलं होतं, तो चहा ते मुकाट्याने प्यायले आणि मामांचं काही आहे का, असं विचारलं. मी नाही म्हटलं. त्यांनी दुसरा कपही तसाच संपवला. लग्नाला बावीस वर्षं झाली, पण या माणसाबद्दल एवढी माया मला एकदम कधी वाटली नव्हती.

आणि मग तो सातव्या दिवसाचा फोन. हे डिजिटल काटे सगळे लबाड, जुना दांडीचा तराजूच खरा, असं तुम्ही नेहमीसारखं म्हणालात. यावर आपलं वीस वर्षं भांडण आहे. दोनदा जेवणावरून उठण्यापर्यंत गेलेलं आहे. मी म्हटलं, बरोबर आहे तुमचं. पलीकडून मला नुसता मामींचा मिक्सर ऐकू आला. मग हळूच विचारलंत, "माझं काही खरं नाही का गं?" मी लाइन खराब आहे असं सांगून फोन ठेवला आणि फ्रीझरच्या खोलीत जाऊन रडले. तिथे यंत्रांचा आवाज मोठा असतो, त्यामुळे ती जागा सोयीची आहे. फक्त हातमोजे घातलेले असताना डोळे पुसता येत नाहीत.

अकराव्या दिवशी बाईंनी बैठक बोलावली. निकाल वरच्या लोकांपुढे मांडायचे होते, त्याआधी एकदा घरच्या घरी. आता, अशा मोजणीत तुलनेसाठी काही धडधाकट माणसांचं रक्तही घालतात. धडधाकट माणसं आणायची कुठून, तर घरातलीच. तुमची ट्यूब ज्या पेटीतून आली त्याच पेटीत बाई, दशांश, पेटीवाले काका आणि मी, असे आम्ही चौघं होतो. दशांशने किल्ली उघडली, कागदाकडे बघितलं, कागद उलटा करून बघितला. मी शहाऐंशी. पेटीवाले काका अठ्ठ्याऐंशी. बाई एक्याण्णव, या बाई रोज सकाळी तासभर पोहतात आणि जिन्यात आमच्यासाठी मध्ये थांबतात. दशांश स्वतः चौऱ्याण्णव. ज्यांना आजार कधी झालेलाच नाही अशा चौघांचा आजार परत येणार, असं मशीनचं म्हणणं पडलं. गेली तीन वर्षं दशांश येईल त्याला सांगत आलाय की ही नुसती शक्यता असते, मनाला लावून घ्यायची नसते. त्याने मनगटावर दोन बोटं ठेवून आपली नाडी पाहिली, अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि डॉक्टरकडे गेला. जाताना टेबलाच्या किल्ल्या माझ्याकडे दिल्या. घरी मांजर आहे, तेही सांगून ठेवलं.

माझं म्हणाल तर, मामा, खोटं कशाला बोलू, शहाऐंशी ऐकून मला जो आनंद झाला तसा शाळेत शहाऐंशी टक्के मिळाल्यावरही झाला नव्हता. मी ठणठणीत असून शहाऐंशी, तर मग तुमच्या एकोणनव्वदाला विचारतो कोण. मी हसायला लागले. बाईंना वाटलं, हिने धसका घेतला. त्यांनी मला खिडकीजवळ बसवून पाणी दिलं.

बाईंचा संशय मशीनवर होता. त्या मशीनवाल्यांना फोन लावायला निघाल्या. मी म्हटलं, जरा थांबा. तुम्ही बाजारात वजनांना हात लावायच्या आधी खाली वाकायचात, आठवतं? तराजू कशावर ठेवलाय ते आधी, मग तराजू, मग वजनं, आणि दुकानदाराच्या तोंडाकडे सगळ्यात शेवटी. (मी सात वर्षांची असताना मला वाटायचं, मामांचं काहीतरी खाली पडलंय.) आम्ही तीन वर्षं मशीनचं तोंड बघत होतो. ट्यूब मशीनपर्यंत येते कशी, ते वाकून कुणीच बघितलं नव्हतं. मी पेटीवाले काकांची वही मागितली. काका शिस्तीचे. पेटी किती वाजता निघाली, किती वाजता पोचली, ते रोज लिहितात, आणि लिहून झालं की त्या वहीवर जेवणाचा डबा ठेवतात. तीन वर्षांत ती वही डब्यानेच काय ती हाताळलेली. त्या दिवशीच्या ओळीत ‘निघाली सव्वानऊ’ असं लिहून खोडलं होतं, आणि ‘पोचली एक चाळीस’. दोन इमारती ओलांडायला साडेचार तास. रक्त घेतल्यापासून तासाभरात फिरवायचं असं आमच्या फाइलमध्ये लिहिलेलं आहे. फाइल कपाटात आहे. पेटी उशिरा आली हे मलाही दिसलं असणारच. पण पेटी उशिरा आली की मला निवांत जेवता येतं, म्हणून मी ब्र काढला नाही. तेवढा दोष माझ्या पदरात.

काकांना विचारलं, त्या दिवशी काय झालं होतं. काका म्हणाले, एक वयस्कर गृहस्थ भेटले होते. रक्त देऊन झाल्यावर वजनाच्या काट्यावर उभे राहिले आणि उतरायलाच तयार नाहीत. मग पिशवीतून एक किलोचं पितळी वजन काढलं, (दवाखान्यात जाताना कुणी पितळी वजन नेतं का हो?) ते काट्यावर ठेवलं, आणि काटा तीनशे ग्रॅम जास्त दाखवतो असं जाहीर केलं. काट्याचा दाखला मागितला. तक्रारवही मागितली. ती सापडेना तेव्हा स्वतःच्या कागदावर तक्रार लिहिली, चार प्रतींत, दर प्रतीला वेगळं पेन, आणि साक्षीदार म्हणून पेटीवाले काकांना थांबवून घेतलं. प्रत्येक प्रत मोठ्याने वाचून दाखवली. मग काकांच्या घरच्या काट्याबद्दल सल्ला दिला. पेटी तोवर खिडकीत, उन्हात. काका अजून त्या गृहस्थांबद्दल आदराने बोलतात. मी विचारलं, त्यांच्या कपाळावर डाव्या बाजूला एक जुनी खोक होती का. काका म्हणाले, ओळखता की काय तुम्ही? मी म्हटलं, तोंडओळख आहे.

म्हणजे तुमचा आकडा तुम्हीच वाढवलात, मामा, आणि जाता जाता आमचे चौघांचेही. पण नुसत्या संशयावर कुणाला पकडायचं नाही, हेही तुमचंच शिक्षण. दुसऱ्या दिवशी मी माझं रक्त चार ट्यूबांत काढवून घेतलं. एकच नर्स, एकच हात, एकच सुई. पहिली ट्यूब लगेच फिरवली, दुसरी दोन तासांनी, तिसरी चार तासांनी, चौथी संध्याकाळी. सकाळी नऊला माझा आकडा एकवीस. अकराला चव्वेचाळीस. दुपारी एकला मी धोक्याच्या गटात गेले, आणि पाच वाजताचा आकडा बघता हे पत्र लिहायला मी असायला नको होते. सहा प्रथिनं जागची हलली नव्हती. सगळा प्रताप सातव्याचा. रक्त नुसतं उभं राहिलं की ते पेशींमधून झिरपतं आणि वाढत जातं. त्याला आजाराचं काही माहीत नाही. किती वेळ ताटकळलो, एवढंच त्याला सांगता येतं.

मग तीन वर्षं त्याचं बरोबर कसं येत होतं? तेही वहीतच होतं. जे रुग्ण आपल्या पायांनी काउंटरवर येतात त्यांचं रक्त सकाळी घेतात, ते तासाभरात माझ्याकडे पोचतं. ज्यांना उठवत नाही त्यांचं रक्त दुपारी वॉर्डात जाऊन घेतात. ती पेटी येईपर्यंत आमचं यंत्र बंद झालेलं असतं, ट्यूबा दुसऱ्या दिवसापर्यंत तशाच. सातवं प्रथिन तीन वर्षं एवढंच सांगत होतं की हा माणूस पलंगावरून उठू शकत नाही. हे तर पेटीवाले काकांनी पेटी कुठल्या मजल्यावरची आहे ते बघून सांगितलं असतं, आणि काकांना वजा ऐंशीला ठेवावंही लागत नाही.

बाई सगळं ऐकून खुर्चीत बसल्या. मग स्टुलावर चढून भिंतीवरचा तक्ता स्वतः काढला आणि चारही टाचण्या डबीत ठेवल्या. मला फार वाईट वाटलं, मामा. आम्ही ट्यूबा म्हणतो, पण त्या एकेका ट्यूबसाठी कुणीतरी दुखत असताना हात पुढे केलेला असतो, पुढच्या माणसाच्या उपयोगी पडेल म्हणून. बाई म्हणाल्या, सहा उरलीत, सहांवर पुन्हा सुरू करू. सहांची अक्कल सातव्याइतकी दिपवणारी नाही, दहांतल्या सहा-सात वेळा त्यांचं बरोबर येतं. पण ती खरं बोलतात. दशांश परत आला. (डॉक्टरांनी त्याला पोट सुटलंय एवढंच सांगितलं. त्याने त्याचीही टक्केवारी विचारली.) मग मी बाईंना माझा गुन्हा सांगून टाकला, की मला मामांचा क्रमांक पाठ आहे आणि मी आकडा पाहिला. त्या रागावल्या, आवाज न चढवता, जे जास्त लागतं. स्टिकर लावायचं काम माझ्याकडून काढून घेतलं. पेटी निघाल्यापासून यंत्रात जाईपर्यंत घड्याळ लावून उभं राहायचं काम आता माझ्याकडे आहे. काउंटरवरचा काटा तपासला, तीनशे ग्रॅमचा फरक बरोबर निघाला. औषधाचं प्रमाण माणसाच्या वजनावरून ठरतं, तेव्हा फरक लहान असला तरी चालत नाही. बाईंनी तुमचे आभार मानलेत आणि पुढच्या खेपेला तक्रार एकाच प्रतीत करावी अशी विनंती केली आहे.

निघताना मी विचारलंच, सहांवर मामांचा आकडा काय येतो. बाई म्हणाल्या, "आकडा शंभर माणसांचा असतो. त्या शंभरातले तुमचे मामा कोणते, ते त्याला माहीत नसतं."

तेव्हा तुमच्या पत्राचं उत्तर असं. तुमचा आकडा नाही. होता तो खोटा होता, खरा अजून काढलेला नाही, आणि काढला तरी मला तो बघायची बंदी आहे. मामींना नमस्कार सांगा. पत्र त्यांना वाचून दाखवाल तेव्हा पितळी वजनाचा भाग तुम्ही गाळाल, म्हणून तो मी त्यांना आधीच फोनवर सांगितलाय. तब्येत जपा, जड काही उचलू नका, स्वतःचं म्हणणंही थोडं खाली ठेवा.

तुमची,
पुन्हा कधीही तुमचं म्हणणं मान्य न करणारी
भाची

ता. क. वर मी यादी आपोआप हातात आल्यासारखं लिहिलंय. तसं नाही. यादी माझ्या जोडीदारणीकडे गेली होती. तुझी पाठ दुखते, मी काढते ट्यूबा, असं म्हणून मी ती तिच्याकडून घेतली. तिची पाठ उत्तम आहे. बाईंनाही मी हे अर्धंच सांगितलंय. उरलेलं उद्या सांगेन.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवायच्या आधी तुमचं पत्र पुन्हा वाचलं. आकडा चांगला असेल तर औषध कशाला, आणि वाईट असेल तर उपयोग काय. मी शून्यापासून शंभरापर्यंत सगळे आकडे त्यात घालून पाहिले. तुमच्या हिशेबात औषध घ्यायचा आकडाच नाही, मामा. काहीही ठेवलं तरी एकच दाखवणारा काटा तुम्ही दुकानदाराच्या हातून जप्त केला असता. तुम्हाला आकडा नकोच होता. तुम्हाला भीती वाटतेय, त्या सलाइनची, उलट्यांची, मामींना तुमच्यापुढे भांडं धरावं लागेल त्याची. चाळीस वर्षं सगळ्या बाजाराला घाम फोडलेल्या माणसाला ते सांगता येत नाही, म्हणून तुम्ही माझ्याकडे आकडा मागितलात. मला हे कळायला एवढं मोठं पत्र लिहावं लागलं. मलाही भीती वाटतेय.

ता. क. तिसरा, आणि पत्र खरं तर एवढ्यासाठीच. गुरुवारी सकाळी आठला हे गाडी घेऊन दाराशी येतील. मामींनी पिशवी भरून ठेवली आहे, त्यांना विचारू नका, त्या नाही म्हणतील. डॉक्टरांना मी फक्त मामा येतील एवढं सांगितलंय. हो की नाही ते तुम्हीच सांगायचं, पण तिथे त्या खुर्चीत बसून. मी शेजारच्या स्टुलावर असेन. औषधाने काय होईल ते डॉक्टरांना पक्कं सांगता येत नाही, मशीनला येत नाही, मला तर नाहीच येत. मला एकच गोष्ट मोजून माहीत आहे. तुम्ही जाणार असं धरून मी अकरा दिवस काढले. तुमच्यावर चिडले नाही, तुम्हाला तोडलं नाही, सगळ्याला हो म्हटलं. त्यातला एक दिवसही मला धड जमला नाही. ते पुन्हा करायला लावू नका. गुरुवारी आठला तयार राहा.